जोड

चिवड्याचा रिकामा डबा, झाकणाला चाकूने पाडलेली चीर.
नववी ब.
हसूरकर सर दारातच म्हणाले,
"सिस्टर, जरा सांभाळून. पालकांचे फोन येतात,"
आणि जिन्याकडे वळले घाईघाईनं,
दरवर्षी त्या धड्यावरून पुढच्या धड्यावर वळतात तसे.

सीपीआरमध्ये एकोणतीस वर्षं काढली मी,
त्यातली अकरा प्रसूतीच्या वॉर्डात.
आवाज कापायचं कारण नव्हतं.
तरी पहिली चिठ्ठी उलगडताना
गंगावेशीच्या आमच्या तालमीचा वास आला,
ताक, तेल, हळद मुरलेली लाल माती,
आणि आप्पा, नव्या पोराच्या पाठीवर थाप मारून,
"लंगोट घट्ट. बाकी सगळं मागनं."
आम्हा पोरींना उंबऱ्याच्या आत मनाई होती.
आम्हाला कुणी काहीच म्हणालं नाही,
घट्टही नाही, सैलही नाही.

चिठ्ठीत पेन्सिलीनं: झोपेत जे होतं त्यानं ताकद जाते काय?
"नाही जात," मी म्हणाले.
"माझे वडील वस्ताद. ते म्हणतात जाते. ते चुकतात."
मागच्या बाकावर कुणीतरी
महिनाभर कोंडलेला श्वास सोडला.

दुसरी: एकदाच केलं तर काय होत नाही म्हणे.
फळ्याकडे वळले, आकडे लिहिणार होते.
खडू परत ठेवला.
पोट दुखतंय म्हणून आलेल्या एका मुलीचं सांगितलं,
पन्हाळ्याच्या खालच्या अंगाचं गाव,
ओढणी शाळेच्या गणवेशाचीच,
सातवा महिना.
आई बाहेर पिशवी धरून,
पिशवीत गणिताचं पुस्तक,
नंबर येईपर्यंत पोरगी अभ्यास करेल म्हणून आणलेलं.
"आणि तो?" खिडकीजवळून कुणीतरी.
केसपेपरवर त्याच्यासाठी रकाना नसतो, म्हटलं.

मग रोगांची नावं. वर्षानुवर्षं अंगात गप्प बसणारे.
निरोध काय असतो ते. हसले. हसू दिलं.
मोबाइलवरनं पाठवलेला फोटो
पंचगंगेत सोडलेल्या दिव्यासारखा नसतो,
पुढे जाऊन विझत नाही.
अठराच्या आतला होकार कायदा होकार धरत नाही.
"थांबा," म्हणाले, "पण भिऊन नको.
भ्यालेलं माणूस लपवतं,
आणि लपवलेलं माझ्याकडे सातव्या महिन्यात येतं.
आप्पांचं एवढं मात्र खरं,
अंगात जोर आला म्हणून लगेच कुस्ती धरायची नसते."

समृद्धी खाडे उठली.
"मी चिठ्ठी नाही टाकलो, सिस्टर. तोंडानंच विचारतो.
तो म्हणतो, खरंच जीव असेल तर नाही म्हणणार नाहीस.
मग काय म्हणायचं?
माझं न्हवं हां. मैत्रिणीचं."
या वेळी कुणी हसलं नाही.

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मला मैदान आठवलं.
आप्पा दोघांना समोरासमोर उभं करायचे,
वजन बघायचे, वय बघायचे, मग डोळे.
एखादं पोरगं पुढं आलेलं असायचं
आणि डोळ्यांत आलेलं नसायचं.
"जोड न्हाई," आप्पा म्हणायचे. हलगी थांबायची.
इनाम कितीही असो.

"मैत्रिणीला सांग, हलगी थांबवता येते.
वाजायला लागल्यावरसुद्धा.
जो थांबत नाही, त्याची तुझ्याशी जोड नव्हतीच."
तुझ्याशी म्हणाले मी.
तिनं दुरुस्त केलं नाही. वहीत लिहून घेतलं.

घरी आप्पा दुधाचा पेला घेऊन बसलेले.
"आज काय शिकवलंस पोरास्नी?"
"जोड," म्हटलं.
हसले. मग हसायचे थांबले.
दुधावर साय धरेपर्यंत गप्प.

"तुझी आई पंधराची हुती," म्हणाले.
"मी पंचवीसचा.
वजन, वय, डोळं, कुणी कायबी बघितलं न्हाई.
हलगी मातुर लई वाजली."